स्वस्त पात्याची पारख: इळा, सुरी, कुऱ्हाड आणि दसऱ्याची तलवार

सोयाबीनची सोंगणी आठवड्यावर आली की आमच्याकडच्या आठवडी बाजारात ताडपत्र्यांवर इळ्यांचे ढीग लागतात. त्याच ताडपत्रीवर खुरपी, पावश्या (म्हणजे विळ्या), सुऱ्या, सत्तूर आणि कुऱ्हाडी असतात, आणि दसरा जवळ आलेला असल्यामुळे एखाद्या कोपऱ्यात मखमली म्यानातल्या तलवारीही उभ्या केलेल्या दिसतात. या मालाच्या भावात फारसा फरक नसतो. फरक असतो तो कामात. एकाच ढिगातून एकाच भावाने उचललेल्या दोन इळ्यांपैकी एक तीन-चार हंगाम चालतो, तर दुसऱ्याची धार पहिल्याच दिवशी दुपारपर्यंत जाते. महाग पाते घेणे बहुतेक शेतकरी घरांना परवडत नाही, त्यामुळे ढिगातला चांगला नग ओळखता येणे एवढेच आपल्या हातात उरते.

काही वर्षांपूर्वी मी सोंगणीसाठी सहा नवे इळे घेतले होते. ते चकचकीत होते, मुठींना लाल रंग होता आणि धारही हाताला छान लागत होती. तिसऱ्या दिवशी एका इळ्याचे पाते ओढ देताना मुठीतून निसटले आणि सोंगणाऱ्या बाईच्या डाव्या तळहातात घुसले. तिला टाके पडले आणि हंगामाची उरलेली सगळी मजुरी बुडाली. नंतर ती मूठ फोडून पाहिली, तेव्हा आत जेमतेम बोटाच्या एका पेराएवढे लोखंड निघाले, तेही नुसते ठोकून बसवलेले होते. पाते विकत घेणारा एक असतो आणि ते हातात धरून दिवसभर राबणारा बहुधा दुसराच असतो, हे त्या दिवशी मला फार तीव्रतेने जाणवले. तेव्हापासून पाहिल्याशिवाय एकही पाते मी घरात आणलेले नाही.

पाते पारखताना चकाकी, रंग, मुठीवरची नक्षी आणि पात्यावर ठोकलेली अक्षरे यांना किंमत देऊ नये. पाहायचे ते त्याचे पोलाद कोणते आहे, त्याला पाणी नीट दिले आहे का (म्हणजे तापवून, बुडवून ते नीट कडक केले आहे का) आणि ते मुठीत पक्के बसवले आहे का, एवढेच. या तिन्ही गोष्टी वरून दिसत नाहीत, म्हणून त्या दुसऱ्या खुणांवरून ताडाव्या लागतात.

पोलाद

लोखंडाला धार टिकवण्याची ताकद येते ती मुख्यतः त्यातल्या कार्बनमुळे. खिडकीच्या ग्रिलची पट्टी आणि फाटकाचा पत्रा यांसारख्या साध्या लोखंडात कार्बन साधारण ०.२५ टक्क्यांहून कमी असतो. असे लोखंड कितीही तापवून पाण्यात बुडवले तरी पुरेसे कडक होत नाही. त्याला धार लागते, पण ती पहिल्या दगडमातीला वळते. इळा, कुऱ्हाड किंवा सुरी यांना किमान अर्ध्या टक्क्याच्या आसपास कार्बन असलेले पोलाद लागते. आपल्याकडचे लोहार, ज्यांना काही गावांत खाती म्हणतात, ते यासाठी ट्रकच्या किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीच्या कमानीचे जुने पाटे वापरतात. कमानीच्या पोलादात कार्बन साधारण ०.५ ते ०.६५ टक्के असतो. ते चिवट असते, घाव सोसते आणि पाणीही चांगले घेते. स्वस्त अवजारासाठी याहून चांगला माल खेड्यात मिळणे अवघड आहे. सुरीसाठी आरागिरणीच्या जुन्या करवतीच्या पट्टीचे पोलादही उत्तम ठरते. बेअरिंगच्या कड्यापासून बनवलेले पाते फार कडक होऊ शकते, कारण त्यात कार्बन १ टक्क्याच्या घरात असतो, पण त्याला पाणी देणे अधिक नाजूक काम असल्यामुळे अशा पात्याला तडे गेले आहेत का, हे विशेष काळजीने पाहावे.

कोणी ‘रुळाचे पोलाद’ म्हणून पाते दाखवत असेल तर ते घेऊ नये. रुळाचे पोलाद चांगले असते यात शंका नाही, परंतु रेल्वेची मालमत्ता बेकायदा जवळ बाळगणे हा १९६६ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि विक्रेत्याचे म्हणणे खरे असेल तर तो माल कुठून आला, हा प्रश्न उरतोच.

बाजारात जाताना खिशात एक लहान लोहचुंबक ठेवावे. जुन्या रेडिओच्या किंवा मोबाईलच्या स्पीकरमधून काढलेले चालते. ‘स्टेनलेस’ म्हणून विकल्या जाणाऱ्या सुरीला चुंबक अजिबात चिकटत नसेल, तर ती बहुधा ज्या जातीच्या पत्र्यापासून ताटे-वाट्या बनतात त्याच जातीच्या पोलादाची आहे असे समजावे. हे पोलाद गंजत नाही, पण तापवून पाणी दिल्याने ते कडकही होत नाही. अशी सुरी पावाला लोणी लावायला ठीक, भाजी चिरायला नव्हे. चुंबक चिकटले म्हणजे सुरी चांगलीच आहे, असे मात्र मुळीच नाही, कारण साध्या लोखंडालाही चुंबक तसेच चिकटते. चुंबकाने वाईट माल बाजूला काढता येतो, चांगला निवडता येत नाही. चिकटल्यानंतर पुढची पारख करावी लागते. शिवाय साध्या लोखंडावर चकाकीचा मुलामा चढवून ते स्टेनलेस म्हणून खपवले जाते. त्यासाठी पात्याचा मुठीजवळचा कोपरा आणि पाठीची कडा बारकाईने पाहावी. मुलामा असेल तर तिथे बारीक पापुद्रे सुटलेले किंवा आतून तांबूस गंजाचे ठिपके आलेले दिसतात.

ठिणग्यांची पारख याहून पुष्कळ विश्वसनीय आहे, आणि सायकलवर सराण फिरवणारा धारवाला बाजारात असेल तर ती फुकटात होते. मुठीजवळची पाठीची कडा क्षणभर चाकाला टेकवायला सांगावी आणि ठिणग्या सावलीत पाहाव्यात. साध्या लोखंडाच्या ठिणग्या लांब, सरळ रेघांसारख्या निघतात आणि त्यांना फाटे थोडेच फुटतात. कार्बन जास्त असेल तर ठिणग्या चाकाजवळच फुलतात, प्रत्येक रेघेला अनेक फाटे फुटतात आणि दिवाळीतल्या फुलबाजीसारखा गुच्छ दिसतो. बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, ठिणग्या आखूड आणि मंद तांबड्या असतात. ओतीव कुऱ्हाड अशी सापडते. ही पारख शिकण्याचा मार्ग एकच आहे: घरातली एक जुनी कानस आणि एक साधी सळई एकामागून एक चाकाला लावून पाहावी. दोन्हींच्या ठिणग्यांतला फरक एकदा डोळ्यांत बसला की तो विसरत नाही.

पाणी

चांगले पोलाद असूनही पाते वाया जाते ते पाणी चुकल्यामुळे, आणि माझ्या अनुभवात बाजारातल्या वाईट पात्यांपैकी बहुतेकांचा दोष इथेच असतो. म्हणून या भागाकडे वाचकांनी अधिक लक्ष द्यावे, अशी माझी विनंती आहे.

लोहार पाते घडवून झाल्यावर ते भट्टीत पुन्हा लाल तापवतो. कमानीच्या पोलादासाठी ही उष्णता ८०० ते ८५० अंश सेल्सिअसच्या आसपास हवी. तिथपर्यंत पोचण्याआधीच, साधारण ७७० अंशांना, लोखंडाला चुंबक चिकटेनासे होते, आणि जाणता कारागीर त्याच्या थोडे पुढे जाऊन पाते तेलात किंवा पाण्यात बुडवतो. बुडवलेले पाते कडक होते, पण त्याच वेळी काचेसारखे ठिसूळही होते. ते तसेच ठेवले तर दगडावर पहिल्याच घावाला धारेला खांड पडते. म्हणून त्याला पुन्हा हलकी उष्णता देऊन त्याचा ठिसूळपणा उतरवावा लागतो. आमच्याकडचे जुने कारागीर यासाठी पात्याची फक्त धारेची बाजू बुडवतात, लगेच बाहेर काढतात, काळी पडलेली कड विटेच्या तुकड्याने घासून उजळ करतात आणि पाठीत उरलेली उष्णता धारेकडे सरकताना पाहत राहतात. उजळ कडेवरून रंग सरकत जातात: आधी वाळल्या कडब्याचा पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा आणि शेवटी निळा. सुरीसाठी पिवळ्यावर, इळ्यासाठी तपकिरीवर आणि घाव झेलणाऱ्या कुऱ्हाडीसाठी जांभळ्या-निळ्यावर पाते पुन्हा बुडवून रंग थांबवायचा. पिवळा रंग सुमारे २२० अंशांना येतो आणि निळा सुमारे ३०० अंशांना. म्हणजे सगळे कसब या ८० अंशांत आणि काही क्षणांत आहे. बाजारात भट्टी घेऊन बसलेला कारागीर हे करताना दिसला, तर थोडा वेळ थांबून त्याचे काम पाहावे आणि पाते त्याच्याकडूनच घ्यावे. अशाच एका म्हाताऱ्या कारागिराने मला म्हटले होते, “काकाजी, चमक नोका पाहू, आवाज आयका.”

त्याचा सल्ला खरा आहे. पाते मुठीजवळ दोन बोटांत हलकेच, लोंबते धरावे आणि पाठीवर नखाने किंवा नाण्याने टिचकी मारावी. चांगल्या, अखंड पात्यातून स्वच्छ आणि लांबणारा नाद येतो. आवाज बसका किंवा फुटक्या मडक्यासारखा आला, तर पात्याला तडा आहे किंवा मूठ आत सैल आहे, यांपैकी एक गोष्ट नक्की समजावी. जाड कुऱ्हाडीला ही परीक्षा दांड्याशिवाय, सुतळीवर टांगून करावी.

यानंतर कानस. दुकानदाराची परवानगी घेऊन धारेच्या मुठीकडच्या टोकावर, जिथे कापण्याचे काम होत नाही, बारीक कानस एकदा हलक्या हाताने फिरवावी. कानस लोण्यासारखी चावत गेली तर पाते मऊ आहे. सुरीवर ती जवळजवळ घसरली पाहिजे. इळा आणि कुऱ्हाड यांच्या बाबतीत मात्र कानस थोडी चावणे हेच योग्य, कारण शेतात आपण त्यांना कानशीनेच धार लावतो, आणि कानस अजिबात न चावणारा इळा दगडाला लागताच तुटण्याची शक्यता असते. जो विक्रेता कानस लावू देत नाही, त्याच्याकडून पाते न घेणे बरे.

सुरीसाठी आणखी एक परीक्षा मला फार उपयोगी वाटते. पितळी पळीचा गुळगुळीत दांडा घ्यावा, त्यावर सुरीची धार जवळजवळ आडवी टेकवून हलका दाब द्यावा आणि प्रकाशाकडे तोंड करून धारेकडे पाहावे. दाबाखाली धार किंचित वाकलेली दिसते. दाब काढताच ती सरळ झाली तर पाणी योग्य आहे. वाकलेलीच राहिली तर पाते मऊ आहे. आणि तिचा कण उडाला तर ते ठिसूळ आहे. ही परीक्षा घरी आणल्यावर करावी आणि बदलून देण्याची बोली खरेदीच्या वेळीच करून ठेवावी.

धारेजवळचा रंग पाहायला विसरू नये. विजेच्या ग्राइंडरवर घाईने, पाणी न शिंपडता धार काढली की पातळ कडा तापते आणि तिच्यावर निळसर-जांभळे डाग उमटतात. अशा ठिकाणी कारागिराने दिलेले पाणी उतरलेले असते. मूळ पोलाद चांगले असले तरी ती कडा धार धरत नाही. नव्या मालावर असे डाग दिसले तर तो नग बाजूला ठेवावा. घरच्या चांगल्या पात्याचीही याच प्रकारे नासाडी होते. म्हणून ग्राइंडरवाल्याला पाते देताना दर दोन-तीन फेऱ्यांनी ते पाण्यात बुडवायला सांगावे, आणि बोटाला चटका बसेल इतके तापू देऊ नये.

दातेरी इळा हा वेगळा प्रकार आहे. धान आणि सोयाबीन या दोन्हींसाठी तो अलीकडे बराच वापरला जातो. त्याचे दात सारख्या खोलीचे आहेत का आणि सगळे एकाच दिशेला झुकलेले आहेत का, एवढे पाहिले तरी पुरे. दात झिजल्यावर तो इळा बहुधा टाकूनच द्यावा लागतो, म्हणून त्याच्यासाठी जास्त पैसे मोजू नयेत.

मूठ आणि बसवण

पात्याचा जो भाग मुठीच्या आत जातो, त्याला मी इथे शेपूट म्हणतो. सुरीत हे शेपूट मुठीच्या पूर्ण लांबीचे आणि जवळजवळ पूर्ण रुंदीचे असेल, दोन्ही बाजूंना लाकडाच्या फळ्या बसवून आरपार रिव्हेट मारलेले असतील, तर ती बसवण सर्वांत भरवशाची. इथे शेपटाची कडा मुठीच्या वरून आणि खालून दिसते, त्यामुळे फसवणूक होत नाही. मात्र काही स्वस्त सुऱ्यांत रिव्हेट केवळ शोभेचे असतात. ते दोन्ही बाजूंना समोरासमोर आहेत का, हे पाहावे. लाकूड आणि लोखंड यांच्यामध्ये नख शिरत असेल तर तिथे पाणी शिरणार आणि मूठ आतून कुजणार.

इळा आणि खुरप्याचे शेपूट टोकदार असते आणि ते मुठीत ठोकलेले असते. इथे ते मुठीच्या दुसऱ्या टोकातून बाहेर काढून वळवलेले असावे, आणि मुठीच्या तोंडाशी लोखंडी कडे असावे. कडे नसेल तर लाकूड फाटते. शेपूट वळवलेले नसेल तर एक दिवस ते बाहेर येते, आणि तो दिवस कोणता असेल हे आपण ठरवत नाही. मूठ एका हाताने आणि पाते दुसऱ्या हाताने, जाड कापड गुंडाळून, घट्ट धरावे आणि पिळून, ओढून आणि हलवून पाहावे. किंचितही खटका जाणवला तर तो नग नको. प्लॅस्टिकच्या मुठीत आतले काही दिसत नाही आणि उन्हाने ती तडकते. शेतकामासाठी मी ती घेत नाही.

पावशीत पाते आणि पाट यांचा जोड हाच महत्त्वाचा असतो. पाट पायाखाली दाबून पाते पुढे-मागे हलवून पाहावे, आणि दुमडण्याची पावशी असेल तर तिचा खिळा सैल नाही याची खात्री करावी, कारण कापणाऱ्या बाईचे दोन्ही हात पात्यासमोर असतात.

कुऱ्हाडीत नेढे, म्हणजे दांडा बसण्याचे भोक, पाहावे. कुऱ्हाड डोळ्यासमोर धरून धारेच्या बाजूने नेढ्याकडे नजर टाकली की धार आणि नेढ्याचा मध्य एका रेषेत दिसला पाहिजे. तिरके नेढे असलेल्या कुऱ्हाडीचा घाव कधीच सरळ पडत नाही. नेढे पट्टी वळवून जोडलेले असेल तर जोडाची रेघ आतून पाहावी. दांडा धावड्याचा मिळाला तर उत्तम, बाभळीचाही चालतो. रेषा टोकापासून टोकापर्यंत सलग हव्यात आणि गाठ नको. दांडा बसवताना पाचर ठोकावी आणि खिळ्यांवर भागवू नये. धातूचे पाते लाकडी दांड्यावर पक्के बसवण्याचा प्रश्न आपल्या भागात फार जुना आहे. नागपूरजवळच्या महूरझरीच्या शिळावर्तुळांतून, म्हणजे प्राचीन दफनांभोवतीच्या दगडी वर्तुळांतून, निघालेल्या कुऱ्हाडींना नेढेच नाही. त्या सपाट आहेत आणि दांड्याला घट्ट धरून ठेवण्यासाठी त्यांच्यावर लोखंडी पट्ट्यांचे आडवे बंध आहेत. नागपूर जिल्ह्यातल्याच नायकुंडच्या उत्खननात लोखंड गाळण्याची भट्टीही सापडली आहे. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या त्या कारागिरांनाही पाते दांड्यातून सुटू नये, याचीच काळजी होती.

जुन्या पाट्यापासून बनवलेल्या कुऱ्हाडीला सूक्ष्म तडा असू शकतो, कारण तो पाटा वर्षानुवर्षे ओझ्याखाली वाकलेला असतो. घरी आणल्यावर तिच्यावर पातळ डिझेल किंवा रॉकेल लावून दहा मिनिटे ठेवावे, कापडाने अगदी कोरडी पुसावी आणि वरून पांढऱ्या खडूचा थर घासावा. तडा असेल तर त्यात शिरलेले तेल थोड्या वेळात खडूवर ओलसर रेघ उमटवते. ही परीक्षा मी प्रत्येक नव्या कुऱ्हाडीची करतो, आणि रेघ उमटली तर ती कुऱ्हाड परत करतो.

तलवार

दसऱ्याच्या पूजेसाठी किंवा आखाड्याच्या सरावासाठी जे तलवार पाहतात, त्यांनी आधी आपला हेतू स्पष्ट ठरवावा. पूजेत ठेवण्याची किंवा भिंतीवर लावण्याची तलवार ही शोभेची वस्तू आहे. ती मऊ स्टेनलेसची असली तरी बिघडत नाही, उलट गंजत नसल्यामुळे सोयीची ठरते. पण ती हवेत फिरवू नये. अशा तलवारीच्या मुठीत पात्याचे रुंद शेपूट नसते. पात्याच्या बुडाला एक बारीक, आटे पाडलेली सळई डागलेली असते आणि मुठीच्या टोकाला नटाने आवळलेली असते. जोरात फिरवताना सगळा ताण त्या डागावर येतो आणि पाते सुटून मिरवणुकीच्या गर्दीत जाऊ शकते. मुठीच्या टोकाची गुंडी हाताने फिरवून सुटत असेल, तर तलवार या प्रकारची असण्याचीच शक्यता जास्त. लग्नात नवरदेवाच्या हाती देण्याच्या कट्यारीलाही हेच लागू आहे; तिला तर धार नसलेलीच बरी, कारण ती मांडवात लहान मुलांच्या उंचीवरून फिरत असते.

आपल्याकडच्या जुन्या तलवारींची बसवण निराळी होती. पोलादी मुठीच्या पोकळीत आखूड, रुंद शेपूट लाखेसारख्या राळेच्या मिश्रणात बसवत आणि ते थंड झाल्यावर पक्के होई. पाते ढिले झाले की मूठ तापवून पुन्हा बसवता येत असे. जुनी तलवार घेताना किंवा घरातली दुरुस्त करताना तिची मूठ कधीही वेल्डिंग करून घेऊ नये. त्या उष्णतेने पात्याचे पाणी उतरते आणि तलवारीचे मोलही जाते.

सरावासाठी घेताना वजन आणि तोल पाहावा. जुन्या भारतीय तलवारी साधारणपणे एक किलोच्या आसपास भरतात, आणि त्यांचे पाते मुठीजवळ पाच-सहा मिलिमीटर जाड असले तरी टोकाकडे ते पातळ होत जाते. स्वस्त नकला एकाच जाडीच्या पट्टीतून कापलेल्या असतात, म्हणून त्या टोकाला जड लागतात आणि मनगट दुखवतात. मुठीपासून चार-सहा बोटांवर पाते तर्जनीवर तोलून पाहावे. तोल त्याहून फार पुढे गेला तर ती तलवार हाताला साथ देणार नाही. नंतर टोक लाकडी फळीवर टेकवून पाते हलकेच वाकवावे आणि सोडावे. ते पूर्ण सरळ झाले पाहिजे. पाठीवरून नजर टाकली असता पीळ दिसू नये.

पात्यावर लाटांसारखी नक्षी दाखवून ‘दमास्कस’ म्हणून जास्त पैसे मागितले जातात. जगभर नावाजलेले ते जलरेषांचे पोलाद मुळात दक्षिण भारतातून आणि दख्खनमधून बाहेर जात असे. आपल्या सीमेपलीकडे तेलंगणातल्या निजामाबाद भागातले कोनासमुद्रम हे त्याचे एक प्रसिद्ध ठिकाण होते. त्या पोलादात कार्बन दीड टक्क्याच्या आसपास असे आणि नक्षी पोलादाच्या अंगातच असे. आज स्वस्त पात्यावर दिसणारी नक्षी बहुधा तेजाबाने किंवा यंत्राने वरून उमटवलेली असते. मुठीजवळ बारीक पॉलिश पेपर घासला की ती पुसली जाते. खरी नक्षीही फिकट होते, पण सौम्य आम्ल लावताच पुन्हा उमटते. शिवाय वरच्या नक्षीची रेषा पाठीच्या कडेवरून वळून पुढे जात नाही, हेही पाहून ठेवावे.

कायद्याची बाब टाळून चालणार नाही. १९५९ चा शस्त्र कायदा आणि त्याखालचे नियम यांत तलवार, खंजीर आणि ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पाते असलेली धारदार शस्त्रे शस्त्र म्हणून गणली आहेत. घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली अवजारे त्यातून वगळली आहेत. म्हणून इळा, कोयता, सुरी घेताना अडचण नाही, पण ती बाजारहाटात किंवा मिरवणुकीत कारणाशिवाय मिरवू नयेत. सणासुदीला महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली शस्त्रे बाळगून फिरण्यावर बंदी घालणारे आदेशही निघतात. तलवार घेण्यापूर्वी आपल्या ठाण्यात विचारून घ्यावे, आणि आखाड्यासाठी घेत असल्यास मंडळाच्या नावे लेखी परवानगीची चौकशी करावी. धार नसलेली सरावाची तलवार घेतली तरी ही चौकशी सुटत नाही.

घरी आणल्यावर

नव्या पात्याची खरी परीक्षा पहिल्या आठवड्यात होते. सुरीने रोजच्यासारखी भाजी चिरावी, इळ्याने शेताचा एक धुरा (बांध) साफ करावा, आणि मग धार उन्हात, डोळ्याच्या रेषेत धरून पाहावी. तीक्ष्ण धार प्रकाश परतवत नाही. जिथे ती बोथट झाली किंवा वळली, तिथे पांढरी चमकती रेघ किंवा ठिपका दिसतो. नखावरून धार अगदी हलकेच ओढली तर बारीक खांडही जाणवते. चांगल्या पात्यावर आठवड्याने एखाददुसरा ठिपका दिसावा. सबंध धार चमकत असेल तर पाते परत द्यावे.

कधी कधी दोष पात्याचा नसून केवळ पहिल्या धारेचा असतो, म्हणून परत देण्यापूर्वी एकदा स्वतः धार लावून पाहणे न्यायाचे ठरते. सुरी निसण्यावर (धार लावायच्या दगडावर) साधारण १५ ते २० अंशांच्या कोनात धरावी. काटकोनाचा अर्धा, आणि त्या अर्ध्याचाही अर्ध्याहून थोडा कमी, असा अंदाज केला की हा कोन सापडतो. एका बाजूने घासत राहावे, दुसऱ्या बाजूच्या काठावर नखाला बारीक कोर लागू लागली की बाजू बदलावी, आणि शेवटी दोन्ही बाजूंनी हलके हात मारून ती कोर काढून टाकावी. कुऱ्हाडीला कोन जास्त, २५ ते ३० अंशांचा हवा, नाहीतर बाभळीच्या गाठीवर धार उडते.

आपल्याकडे पावसाळ्यात कार्बन पोलाद एका रात्रीत गंजते. काम संपल्यावर चीक आणि माती धुऊन पाते चुलीजवळ कोरडे करावे आणि त्यावर तेलाचे बोट फिरवावे. सुरीला आणि पावशीला खाण्याचेच तेल लावावे. लाकडी मुठीला जवसाचे तेल पातळ हाताने चोळून ती दोन-तीन दिवस सावलीत वाळवावी आणि असे तीन वेळा करावे. हे तेल लाकडात मुरून सुकते आणि पाणी आत जाऊ देत नाही. तेल चोळलेल्या चिंध्या मात्र गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. जवसाचे तेल सुकताना तापते आणि चिंध्यांचा बोळा आपोआप पेट घेऊ शकतो, म्हणून त्या अंगणात पसरून वाळवाव्यात. धार उघडी ठेवून इळे कुडाला खोचण्याची सवय मोडावी. जुन्या सायकलच्या ट्यूबचा तुकडा उभा चिरून धारेवर चढवला की धारही राहते आणि अंधारात कुडाशी हात नेणाऱ्याची बोटेही.